मैल्याचा गाळ, भट्टीचा चटका आणि कृष्णाकाठची माती

वाई नगरपालिकेने २०१८ मध्ये एक साधी वाटणारी, पण राज्यात तोवर फारशी कुणी न केलेली गोष्ट सुरू केली. घराचा सेप्टिक टँक तुंबला की टँकरवाल्याला फोन करायचा, ही जुनी पद्धत बाजूला ठेवून गावाचे भाग पाडले गेले आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक घराचा टँक ठरलेल्या पाळीने उपसण्याची व्यवस्था झाली. त्यासाठी मालमत्ताधारकांकडून स्वच्छता कर घेतला जातो. उपशाचे काम खासगी ठेकेदाराकडे असले तरी त्याचे पैसे कामगिरी पाहून मिळतात. उपसलेला मैला उघड्यावर न जाता थेट प्रक्रिया केंद्रात जातो. बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाच्या मदतीने उभारलेल्या या केंद्राची क्षमता रोज सत्तर हजार लिटरची असून तिथले तंत्र उष्णतेवर आधारलेले आहे. गाळातले पाणी पिळून काढायचे, उरलेला लगदा वाळवायचा आणि शेवटी तो जवळजवळ हवेविना भट्टीत तापवायचा. या प्रकाराला पायरोलिसिस म्हणतात. शेवटी हाती राहतो तो काळा, भुसभुशीत, वास नसलेला कोळसा. शेतीच्या भाषेत त्याला आता ‘बायोचार’ म्हणू लागले आहेत.

हा कोळसा शेतात टाकायचा का, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जो गाळ भट्टीपर्यंत पोचतच नाही त्याचे काय करायचे, हा प्रश्न आता वाईपुरता राहिलेला नाही. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या शहरांत सांडपाणी प्रक्रिया जसजशी वाढेल तसतसा गाळही वाढत जाईल, कारण पाणी स्वच्छ करणे म्हणजेच त्यातली घाण वेगळी काढून एका जागी जमा करणे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते आणि त्यातील २०,२३६ दशलक्ष लिटरवरच प्रत्यक्षात प्रक्रिया होते. ही तूट भरून काढा, असे सगळेच म्हणतात. ती भरून निघाल्यावर जो गाळ साठेल त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याची गरजही खरी आहे. कृष्णाकाठी माती परीक्षणाचा अहवाल हातात घेतला की शेतकरी आधी ‘सेंद्रिय कर्ब’ या रकान्याकडे पाहू लागला आहे. हे प्रमाण ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर जमीन कर्बात कमी मानतात. घरटी दोन-चार जनावरे होती तेव्हा शेणखत मिळायचे. आता ट्रॅक्टर आला, जनावरे गेली आणि शेणखताची ट्रॉली विकत घ्यावी लागते. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत तर वर्षानुवर्षे पाटपाणी आणि ऊस यामुळे हजारो एकर जमीन क्षारपड झाली आहे. अशा जमिनीत सेंद्रिय पदार्थ घातला तर मातीची रचना सुधारते आणि निचरा वाढतो, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला लागत नाही. म्हणून ‘मैल्याचे खत’ स्वस्तात मिळणार असेल तर त्याला गिऱ्हाईक मिळेलच.

मराठी शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाही. ‘सोनखत’ हा शब्दच सांगतो की मानवी मैल्याला सोन्याची किंमत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या आसपासच्या उसाला शहराच्या मैल्यापासून केलेले खत वापरले जाई. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली, आणि तिच्याच पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरला शहरी कचरा आणि मैला एकत्र कुजवण्याची खड्ड्यांची पद्धत आली. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सोपा संडास आणि त्याचे खत यांचे प्रयोग केले. देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९५९ मध्ये रुजू झालेले डॉ. मापुसकर हे तर डॉक्टर. गावातला जुलाब आणि जंतांचा त्रास औषधाच्या बाटलीने संपत नाही हे पाहून ते संडास बांधण्यात उतरले आणि पुढे संडासाला बायोगॅस जोडण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

सोनखताच्या या इतिहासाला एक काळी बाजू आहे आणि ती विसरून चालणार नाही. तो मैला डोक्यावरून वाहणारी, खड्ड्यात उतरणारी माणसे ठरावीक जातींतली होती. २०१३च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यास बंदी आहे. तरीही सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. गाळाच्या खताची नवी व्यवस्था उभी करताना तो गाळ कुणाच्या हाताने उलटला जाणार, हे पहिल्या दिवसापासून विचारावे लागेल.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे उष्णतेकडे. गाळ तापवायचा कशासाठी? उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मैल्यात जिवाणू, विषाणू, अमीबा असतात. त्यातले बरेचसे उन्हात, वाऱ्यात, काही आठवड्यांत मरतात. खरा चिवट असतो तो जंताचा अंडा. मोठ्या गोल जंताची म्हणजे अॅस्केरिसची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. त्या अंड्याचे कवच इतके घट्ट असते की ओलसर, सावलीतल्या मातीत ते वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. बोटाला लागलेली माती, नीट न धुतलेली कोथिंबीर, शेतातच उपटून खाल्लेला मुळा, एवढे निमित्त पुरते. शाळकरी मुलांना दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी देतात ती याच चक्रासाठी. गोळी पोटातला जंत मारते, पण शेतात पडलेल्या अंड्यांना तिचा काहीच उपयोग नाही. मूल महिन्याभरात पुन्हा अंडी गिळू शकते.

त्याहून गंभीर आजार टेपवर्मच्या अंड्यांचा. डुकराच्या मांसातून येणाऱ्या या जंताची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती भाजीवाटे दुसऱ्याच्या पोटात गेली की त्यातून निघालेली अळी रक्तातून मेंदूत जाऊन गाठ करून बसते. याला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. मोठ्या वयात अचानक पहिली फिट आली तर आपल्याकडे या कारणाचा विचार आधी करावा लागतो. रुग्ण पुष्कळदा पक्का शाकाहारी असतो आणि नातेवाईक चकित होऊन विचारतात, ‘आमच्या घरात अंडेसुद्धा शिजत नाही, मग हे कसे?’ मांस खाणाऱ्या कुणाच्या तरी आतड्यातून निघालेली अंडी कच्च्या भाजीवर बसून शाकाहारी ताटात पोचलेली असतात. तिसरा जंत हुकवर्म. तो तोंडावाटे येत नाही. ओल्या मातीत अंड्यातून निघालेली अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते, आतड्याला चिकटते आणि थेंब थेंब रक्त पीत राहते. शेतमजूर बाईचे हिमोग्लोबिन सात-आठवर आलेले असते त्यामागे आहार असतो, बाळंतपणे असतात आणि कधी कधी हा जंतही असतो.

ही सगळी अंडी उष्णतेला शरण जातात, आणि त्याचा हिशेब चांगला माहीत आहे. फीचम आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये जगभरचे प्रयोग एकत्र करून जो तक्ता मांडला तो आजही वापरतात. ६२ अंश सेल्सिअसला एक तास, ५० अंशांना एक दिवस, ४६ला एक आठवडा, ४३ला एक महिना. तापमान जितके कमी तितका वेळ जास्त. अट एकच, पण कठीण. ही उष्णता गाळाच्या प्रत्येक कणाला मिळाली पाहिजे. ढिगाच्या मधोमध ६५ अंश आणि कडेला ३५ असेल, तर कडेची अंडी सुखरूप राहतात आणि ढीग खोऱ्याने उलटताना पुन्हा सगळ्यात मिसळतात.

म्हणूनच अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९३च्या नियमात ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन वर्ग केले. अ वर्गात बसायचे तर गाळ ८० अंशांच्या वर तापवून त्यातला ओलावा १० टक्क्यांपर्यंत खाली आणावा, किंवा ७० अंशांना अर्धा तास ठेवावा, किंवा लांब वाफ्यांचे कंपोस्ट १५ दिवस ५५ अंशांच्या वर ठेवून पाच वेळा उलटावे, असे पर्याय आहेत. नुसते तापवून भागत नाही. विष्ठेतल्या कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या किंवा साल्मोनेला तपासून खात्री करून द्यावी लागते. ब वर्गात जंतू कमी झालेले असतात, संपलेले नसतात, म्हणून तो टाकल्यावर जनावरे चारायला किती दिवस बंदी, जमिनीखालच्या पिकाला किती महिने थांबायचे, अशी बंधने येतात. आपल्या केंद्र सरकारच्या सांडपाणी नियमावलीतही शेतीसाठी अ वर्गाचाच दाखला दिला जातो. प्रत्यक्षातले चित्र वेगळे दिसते. गंगेच्या खोऱ्यातल्या प्रक्रिया केंद्रांतील सुकलेला गाळ तपासला तेव्हा त्यातला बहुतेक ब वर्गात बसणारा निघाला. वाळवलेला गाळ म्हणजे सुरक्षित गाळ, असा जो समज आहे त्याला हे उत्तर पुरेसे आहे.

सांगलीकर यावर हमखास म्हणेल, ‘आमच्याकडे मे महिन्यात ऊन काय कमी असते?’ ऊन असते, पण वाफ्यावर पसरलेल्या गाळाचा वरचा पापुद्रा तापतो आणि खालचा थर ओला, गार राहतो. शिवाय जूनमध्ये पाऊस आला की गणित बिघडते, आणि वाई, सातारा, कऱ्हाडच्या पश्चिमेकडे तर चार महिने ऊन दिसत नाही. उन्हावर भिस्त ठेवायची तर जोडीला मुदत लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मार्गदर्शक सूचनांत २० ते ३५ अंशांच्या हवामानात मैला वर्षभराहून अधिक काळ साठवून मगच वापरावा असे म्हटले आहे. वर्षभर गाळ झाकून, पावसापासून वाचवून ठेवायला जागा लागते. नगरपालिकांकडे नेमकी तीच नसते.

उष्णतेबाबत आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. यंत्रात चांगला तापवून काढलेला कोरडा गाळ पुन्हा भिजला, की त्यात साल्मोनेलासारखे जिवाणू नव्याने वाढू शकतात. तापवल्यामुळे त्यांच्याशी झगडणारे बाकीचे जिवाणूही मेलेले असतात आणि अन्न भरपूर असते, म्हणजे रान मोकळे मिळते. तेव्हा अ वर्गाचे खत गळक्या शेडमध्ये रचून ठेवले, किंवा कच्च्या गाळाला लावलेला खोऱ्या-फावडा त्यालाच लावला, तर केलेला खर्च पाण्यात जातो. जंताचा अंडा मात्र एकदा मेला की मेला.

खर्चाचे म्हणाल तर तो पाण्यात जाण्याआधी पाण्याच्या वाफेतच जातो. यंत्राने पिळून काढलेल्या गाळातही ८० टक्के पाणी असते. त्यातून एक टन कोरडा गाळ मिळवायचा तर जवळपास चार टन पाणी वाफ करून घालवावे लागते, आणि त्याला तीन हजार युनिटांच्या घरात ऊर्जा लागते. विजेवर हे परवडणार नाही हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने १९२६ पासून आपला गाळ भट्टीत वाळवून ‘मिलोर्गनाइट’ नावाने पोत्यांत भरून विकला. ते प्रामुख्याने हिरवळीचे खत म्हणून खपते आणि तिथली ग्राहकांची ऐपत वेगळी आहे. वाईच्या धर्तीच्या केंद्रात वाळलेला गाळच जळण होऊन भट्टीची बरीच गरज भागवतो, हा या तंत्राचा मोठा फायदा. कृष्णाकाठी आणखी एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. इथे साखर कारखाने आहेत, बगॅसवर चालणारे बॉयलर आहेत, त्यांच्या धुराड्यातून वाया जाणारी उष्णता आहे. मळीचे लांब वाफे लावून, यंत्राने उलटून कंपोस्ट करण्याचा अनुभवही आहे. शहराचा गाळ या वाफ्यांत शास्त्रशुद्ध मिसळला, तापमान रोज नोंदले, तर भट्टीविना ५५ अंश मिळू शकतात. हंगाम संपल्यावर काय, वाहतूक कुणी करायची, आणि ‘मैला मिसळलेली मळी’ सभासद घेतील का, हे प्रश्न आहेतच.

उष्णता हा एकच मार्गही नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने बडोद्याजवळ १९९०च्या दशकापासून गाळावर गॅमा किरणांचा प्रयोग चालवला आणि अहमदाबादेत २०१९ मध्ये कोरड्या गाळासाठी रोज शंभर टन क्षमतेचे केंद्र सुरू झाले. कोबाल्टच्या किरणांनी जंतू मरतात आणि गाळ स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, हे लोकांना पटवणे हे तंत्रापेक्षा कठीण काम असावे. सांगलीएवढ्या शहराला असे केंद्र पेलेल का, ही शंका रास्त आहे.

आता भट्टीतून निघालेला कोळसा शेताला काय देतो ते पाहू. इथे प्रचारात थोडी अतिशयोक्ती होते. नुसत्या वाळवलेल्या गाळात नत्र आणि स्फुरद बऱ्यापैकी असते. पालाश मात्र कमी, कारण ते पाण्यात विरघळून आधीच निघून गेलेले असते. उसाला आणि द्राक्षाला पालाश भरपूर लागते, तेव्हा ‘गाळ टाकला, आता पोटॅश नको’ असा हिशेब कुणी करू नये. हाच गाळ पायरोलिसिसच्या भट्टीत गेला की नत्राचा मोठा भाग वायू होऊन उडून जातो. स्फुरद राहते, पण पिकाला हळूहळू मिळते. कर्ब मात्र असा पक्का होतो की तो मातीत दीर्घकाळ टिकतो. म्हणजे कोळसा हे खत कमी आणि माती सुधारणारा घटक जास्त. यात कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने एक गोष्ट नीट ऐकावी. हा कोळसा बहुधा अल्कधर्मी असतो. कोकणातल्या किंवा महाबळेश्वरच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत तो गुणाचा. सांगलीच्या ज्या काळ्या जमिनीचा सामू आधीच आठच्या वर आहे आणि जिथे पिकाला लोह-जस्त मिळत नाही म्हणून पाने पिवळी पडतात, तिथे तो अंदाजाने टाकणे बरे नव्हे. क्षारपड जमिनीत तर गाळातल्या क्षारांचे प्रमाण आधी मोजून घ्यावे. शेणखतासारखे ‘जास्त पडले तरी बिघडत नाही’ असे हे प्रकरण नाही.

उष्णता जंतू मारते, धातू मारू शकत नाही. कॅडमियम, शिसे, निकेल, क्रोमियम भट्टीतून गेल्यावर बहुतेक तसेच राहतात. उलट गाळाचे वजन घटल्यामुळे किलोमागे त्यांचे प्रमाण वाढते. त्यांची मातीत विरघळण्याची शक्यता कमी होते हा दिलासा आहे, पण जमीन ही पिढ्यांची असते आणि एकदा पडलेला धातू काढता येत नाही. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा दिल्या आहेत. किलोमागे कॅडमियम ५, शिसे १००, निकेल ५०, क्रोमियम ५० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम. वाईच्या घरगुती सेप्टिक टँकमध्ये धातू येण्याचे कारण फारसे नसते, ही तिथल्या गाळाची जमेची बाजू. औद्योगिक वसाहत शेजारी असलेल्या शहरात कारखान्याचे, प्लेटिंगच्या दुकानाचे, गॅरेजचे पाणी त्याच गटारात सोडले जात असेल, तर तो गाळ शेतात नेण्यापूर्वी दर खेपेला तपासलाच पाहिजे. शेतीसाठी गाळ वापरायचा असेल तर पहिले काम गटाराच्या तोंडाशी आहे, भट्टीशी नंतर.

सांगलीकरांना हे शेरीनाल्याच्या उदाहरणाने लगेच कळेल. शहराचे सांडपाणी या नाल्याने कृष्णेत जाते, ते उचलून प्रक्रिया करून धुळगावच्या शेतीला द्यायचे, ही योजना किती वर्षे अडखळत चालली हे जिल्ह्यात कुणाला नवीन नाही. पाणी देण्याच्या योजनेची ही गत, तर गाळाची वाट किती लांब असेल याचा अंदाज यावा.

औषधांचाही प्रश्न आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या कुळातली प्रतिजैविके पाण्यातून निघून गाळाला चिकटून बसतात. ८० अंशांच्या वाळवणीने ती सगळी नष्ट होत नाहीत. पायरोलिसिसच्या काहीशे अंशांना मात्र ती टिकत नाहीत आणि जिवाणूंमधली प्रतिरोधाची जनुकेही जळून जातात. औषधांना दाद न देणारे जंतू वॉर्डावॉर्डात दिसत असताना हा फायदा छोटा मानता येणार नाही. न चिकटणारी भांडी, पाणी न धरणारे कपडे यांतून येणारी ‘पीफास’ नावाची कायम टिकणारी रसायने हे परदेशातले नवे दुखणे. त्यांच्यामुळे अमेरिकेतल्या मेन राज्याने २०२२ मध्ये शेतात गाळ टाकण्यावर बंदीच घातली. तिथे काही शेतकऱ्यांना दूध, भाजी विकणे थांबवावे लागले. स्वित्झर्लंडने शेतीतला गाळ याआधीच बंद केला होता. ब्रिटनमध्ये मात्र प्रक्रिया केलेला गाळ आजही मोठ्या प्रमाणावर शेतात जातो. म्हणजे प्रगत देशांतही यावर एकमत नाही, आणि ‘परदेशात चालते’ किंवा ‘परदेशात बंद आहे’ या दोन्ही वाक्यांनी इथला निर्णय होणार नाही.

इथला निर्णय पिकावर ठरेल. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळचा जो द्राक्षबागायतदार युरोपला माल पाठवतो त्याच्यासाठी उत्तर सोपे आहे. त्याच्या खरेदीदाराला लागणाऱ्या ग्लोबलगॅप प्रमाणपत्राच्या नियमांत मानवी मैल्याचा गाळ, प्रक्रिया केलेला असो वा नसो, वापरायला मनाई आहे. शेजारच्या बांधावरून ट्रॉली मोकळी झाली तरी त्याने हरकत घ्यावी. महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई परिसरातली स्ट्रॉबेरी जमिनीला टेकून पिकते आणि न शिजवता खाल्ली जाते, तिथे भट्टीतून न गेलेला गाळ नकोच. साताऱ्याचे आले, मुळा, गाजर, कोथिंबीर, मेथी यांनाही तोच न्याय. सांगलीची हळद शिजवली जाते, तरी काढणारे हात मातीतच असतात.

उसाबद्दल मात्र चुकीचा निवांतपणा आढळतो. ‘उसाचा तर रस उकळतो, मग भीती कसली?’ असे म्हटले जाते. साखर खाणाऱ्याला भीती नाही हे खरे. पण ऊस लावणारी, खुरपणारी, पाणी पाजणारी माणसे रोज त्या मातीत उभी असतात. हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड मजूर येतात, फडाजवळ कोपी करून राहतात, त्यांची मुले त्याच सरीत अनवाणी खेळतात आणि टिपरे सोलून दाताने खातात. त्या पायांना आणि हातांना कच्च्या गाळापासून जो धोका आहे तो साखरेच्या पोत्यात दिसत नाही. कच्चा मैला रात्री टँकरने शेतात सोडण्याचा प्रकार राज्यात अनेक ठिकाणी चालतो. शेतकऱ्याला फुकट खत मिळते, टँकरवाल्याचे डिझेल वाचते आणि आजारपणाचा खर्च तिसऱ्याच्याच अंगावर पडतो.

गाळाने जिल्ह्याची माती सुधारेल, हा दावाही एकदा पाटीवर मांडून पाहावा. वाईचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले आणि सेप्टिक टँकच्या मैल्यात दोन टक्के घन पदार्थ धरले, तर दिवसाला १,४०० किलो कोरडा गाळ होतो. भट्टीतून त्याचा निम्मा कोळसा उरला असे धरले तर वर्षाला २५० टन. शेणखतासारखा एकरी दहा टन टाकायचा म्हटले तर २५ एकरांत संपला. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत पाच लाखांवर होती. माणशी दिवसाला ३० ग्रॅम कोरडा गाळ धरला तर वर्षाला साडेपाच हजार टन होतो, आणि एकरी दोन टनांनी तो एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराला पुरेल. याउलट उसाच्या एका एकरात तीन-चार टन पाचट निघते आणि त्यातले पुष्कळसे अजूनही काडी लावून पेटवले जाते. मातीत कर्ब वाढवायचा तर ते पाचट सरीत कुजवणे हा कितीतरी मोठा आणि निर्धोक मार्ग आहे. त्यात जंत नाही आणि कॅडमियमही नाही. पेटवणे थांबले तर धुराने खोकणारी मुलेही कमी होतील.

मग भट्टीचा खटाटोप कशाला? मातीसाठी म्हणून तो फार थोडा उपयोगी आहे. आरोग्यासाठी मात्र उपयोगी आहे, कारण गाळ तयार होणारच आहे, तो कुठेतरी जाणारच आहे, आणि आज तो ओढ्यात, नदीत किंवा अंधारात शेतात जातो. वाईने दाखवले ते हे की छोट्या नगरपालिकेलाही घरोघरचा मैला ठरल्या वेळी उचलून एका ठिकाणी निर्जंतुक करता येतो. शेवटी हातात येणारा कोळसा ही वरची कमाई समजावी. ती कमाई दाखवून केंद्राचा खर्च भागवू असे कुणी म्हणत असेल तर त्याने हिशेब पुन्हा करावा.

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये द्रव कचरा व्यवस्थापनाच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात गाळाचाही विचार आहे. नियम कागदावर येतील. नगरपालिकांच्या सभांत विचारायचे प्रश्न मात्र त्याआधीही विचारता येतात. भट्टीचे तापमान रोज कोण लिहून ठेवतो? जंतांची अंडी मोजण्याची तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत होते? नेहमीच्या माती परीक्षणात ती होत नाही, तिला वेगळा सूक्ष्मदर्शक आणि वेगळा शिकलेला माणूस लागतो. सातारा, कऱ्हाड आणि मिरजेत वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात विष्ठेतली अंडी रोज पाहिली जातात. गाळाचा नमुना तिथे पाठवण्यासाठी करार करणे हे मोठे काम नव्हे. पोत्यावर धातूंचे आकडे आणि तपासणीची तारीख छापलेली नसेल तर शेतकऱ्याने ते पोते घेऊ नये, फुकट असले तरी. आणि केंद्रात काम करणाऱ्यांना बूट, हातमोजे, दर सहा महिन्यांनी जंतांची गोळी, हिमोग्लोबिनची तपासणी, धनुर्वात आणि कावीळ ब यांच्या लशी, एवढे ठेक्याच्या अटींतच लिहून घेता येते.